टिटवी, समुद्र आणि वाटाड्या

पक्ष्यांवरच्या पुस्तकांची परीक्षणे मराठीत अधूनमधून छापून येतात. पक्षी दाखवण्याच्या रीतीचे परीक्षण मात्र माझ्या वाचनात आलेले नाही. ही रीत आता आपल्याकडे चांगली रुजली आहे. रविवारची पहाट, ठरलेल्या जागी जमलेली वीस-पंचवीस माणसे, गळ्यात दुर्बिणी, पुढे एक जाणकार, शेवटी पोहे-चहा आणि चहाबरोबर त्या दिवसाच्या यादीचे वाचन. या प्रकाराला सुरुवात, मध्य आणि शेवट आहे. बोलणारा आणि ऐकणारे आहेत. काय सांगायचे, काय वगळायचे, कुठे थांबायचे याचे संकेत ठरून गेले आहेत. कीर्तनाचे परीक्षण होते, गडावर इतिहास सांगणाऱ्यांच्या सांगण्याचेही होते. मग या सकाळीचे का होऊ नये?

प्रस्तुत लेखात मी या प्रकाराचा एकच नमुना घेतला आहे: रायगड जिल्ह्यातल्या अलिबाग तालुक्याचा किनारा आणि एप्रिल-मे हे महिने. ही निवड मुद्दाम केली आहे. हिवाळ्यात किनारा पक्ष्यांनी इतका भरलेला असतो की दाखवणाऱ्याचे दोष झाकले जातात. उन्हाळ्यात ते उघडे पडतात. अशा सकाळींना मी गेले काही उन्हाळे जात आलो आहे, पैसे भरून, इतरांसारखाच मागे उभा राहून. ज्यांच्याबरोबर गेलो त्यांची नावे इथे नाहीत. त्यांतले बहुतेक तरुण, अभ्यासू आणि कामावर प्रेम करणारे आहेत, आणि माझी तक्रार त्यांनी वारशाने घेतलेल्या साच्याबद्दल आहे.

एका सकाळीपासून सुरुवात करतो. मे महिन्यातली पौर्णिमा, जागा अक्षीचा किनारा. अलिबागच्या दक्षिणेला असलेले हे गाव शिलाहार केशिदेवाच्या शिलालेखामुळे मराठीच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. त्या लेखातला शक डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी ९३४ असा वाचला आणि मराठीच्या आद्य शिलालेखाचा वाद तिथून नव्याने सुरू झाला. पक्षिनिरीक्षकांना अक्षी माहीत आहे ती वेगळ्या कारणाने. इथे वाळू, चिखल आणि खाडीचे मुख जवळजवळ असल्याने हिवाळ्यात कुरव, सुरय, तुतवार, चिखले यांचे थवे उतरतात. मागे सुरूचे बन आहे.

आम्हाला साडेसहाला बोलावले होते. वाटाड्या सव्वासहालाच येऊन थांबला होता; टेलिस्कोप उभा होता, छापील यादीच्या प्रती तयार होत्या. पाणी कुठेच नव्हते. ओहोटी इतकी लांब गेली होती की समुद्र म्हणजे क्षितिजाजवळची एक चकाकती रेघ दिसत होती, आणि त्या रेघेवर राखी रंगाचे काही कण हलत होते. टेलिस्कोपसमोर रांग लागली. प्रत्येकाने डोळा लावला, "हो, दिसलं" म्हटले आणि पुढच्याला जागा दिली. मला काय दिसले ते प्रामाणिकपणे सांगतो: उन्हाच्या लहरींत थरथरणारे कण. वाटाड्याने त्यांची चार वेगवेगळी नावे सांगितली, आणि ती बरोबरच असणार, कारण त्याचा डोळा तयार आहे.

जाळे खांद्यावर टाकून चाललेला एक माणूस आमच्याजवळ क्षणभर थांबला. "आता काय दिसणार दादा? भरती लागली की या," एवढे बोलून तो निघून गेला. कोणीतरी हसले. वाटाड्याने मान डोलावली आणि यादीकडे वळला. त्या सकाळीत किनाऱ्याविषयी बोलले गेलेले सगळ्यात महत्त्वाचे वाक्य तेच होते, आणि ते कार्यक्रमाच्या बाहेरच्या माणसाचे होते.

जंगलातला पक्षी सूर्याच्या घड्याळाने चालतो. पहाटे गातो, ऊन चढले की गप्प बसतो. म्हणून जंगलात साडेसहाची वेळ बरोबर आहे. किनाऱ्यावर चिखलात चोच खुपसून जगणाऱ्या पक्ष्याचे घड्याळ चंद्राचे असते. ओहोटीला तो पाण्याच्या कडेने लांब जातो आणि उघड्या पडलेल्या चिखलातले किडे, शिंपले, खेकडे खातो. भरती चढू लागली की पाणी त्याला पावलापावलाने मागे रेटते, चरायची जागा आक्रसत जाते, पांगलेले पक्षी जवळ येत जातात आणि पूर्ण भरतीला किनाऱ्यालगतच्या एखाद्या कोरड्या पट्ट्यावर दाटीने विसावतात. पक्षी पाहायचे तर भरतीच्या आधीचे दोन तास. ही वेळ काढायला कोकणात अॅपची गरज कधी पडली नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमाराला. जागेनुसार थोडा फरक पडतो, पण हिशेब चालतो. म्हणजे आमच्या त्या पौर्णिमेला सकाळी साडेसहाला पाणी सर्वांत लांब असणार हे महिनाभर आधी सांगता आले असते. अष्टमीच्या भांगाला भरती-ओहोटीतला फरक कमी असतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला तो इथे चार मीटरच्या वर जातो. असा दिवस निवडून, ओहोटीच्या टोकाला उभे राहून आम्ही कण पाहिले. नऊ वाजता, पाणी चढू लागून पक्षी जवळ सरकायला लागले तेव्हा, आम्ही पोहे खायला निघालो.

हा एका वाटाड्याचा विसराळूपणा असता तर लिहिण्याचे कारण नव्हते. मी गेलो त्या जवळजवळ सगळ्या सकाळी रविवार पाहून ठरल्या होत्या, तिथी पाहून एकही नाही. जंगलाचा आणि तळ्याचा साचा किनाऱ्यावर जसाच्या तसा आणून ठेवला आहे. उलट उदाहरणही जवळच आहे. ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले, २०२२ साली ठाणे खाडी रामसर यादीत गेली. ऐरोलीहून रोहित दाखवायला होड्या सुटतात त्यांच्या वेळा भरतीनुसार रोज बदलतात, कारण पाणी नसेल तर होडी गाळात रुतते. तिथे मे अखेरपर्यंत रोहित असतात आणि लोक खूश होऊन परततात. होडीला तिथी पाळावी लागते. पायी चालणाऱ्याला ती सक्ती नाही, म्हणून त्याने ती सोडून दिली.

दुसरा मुद्दा ऋतूचा. उन्हाळ्याच्या सकाळींत एक वाक्य हमखास ऐकू येते: "आता सीझन संपला, पण बघू काय मिळतं." सुरुवातीलाच माफी मागितली जाते. ऐकणारा मग हिवाळ्याच्या तुलनेत कमी काय आहे तेवढेच मोजतो. खरे तर एप्रिलमधला किनारा हिवाळ्याहून अधिक काही सांगतो. हिवाळाभर मातकट दिसणारे सँड प्लोव्हर जातीचे चिखले याच दिवसांत छातीवर तांबूस होतात, डोळ्यांवर काळी पट्टी चढते. कर्ल्यू सँडपायपर हा बाकदार चोचीचा तुतवार विटकरी रंगाचा होतो. काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके हिवाळाभर पांढरे असते, कानामागे एक डाग तेवढा. जाण्याआधी ते गडद तपकिरी होते. हे पक्षी आता तिबेटच्या पठाराकडे, मध्य आशियाकडे, सैबेरियाच्या टोकाकडे निघायचे आहेत, आणि हा पेहराव तिकडच्या विणीसाठी आहे. अंगावरची पिसे बदलायची आणि अंगात चरबीही साठवायची, ही दोन्ही कामे त्यांना इथे, आपल्या चिखलात, थोड्या दिवसांत उरकायची असतात. अशा वेळी माणसांच्या घोळक्याने त्यांना दर दहा मिनिटांनी उडवणे म्हणजे प्रवासाला निघालेल्याच्या पुढचे ताट ओढून घेणे.

मेच्या अखेरीला जे उरतात त्यांची गोष्ट तर कोणी सांगतच नाही. किनाऱ्यावरच्या या पक्ष्यांपैकी अनेक जातींची पहिल्या वर्षाची पिल्ले पहिल्या उन्हाळ्यात उत्तरेला परतत नाहीत. विणीचे वय झालेले नसते, म्हणून ती इथेच राहतात, फिक्या मळकट पिसांत, पावसाळ्यातसुद्धा. जूनमध्ये एखाद्या खाडीच्या तोंडाशी एकटा कुरल दिसला तर तो वाट चुकलेला किंवा आजारी असेलच असे नाही. घरी जायची वेळ न आलेले ते पोर असू शकते. त्या पौर्णिमेला टेलिस्कोपमधल्या कणांत असे पक्षी होते. वाटाड्याने त्यांचे नाव सांगितले, यादीवर खूण केली आणि तो पुढे गेला. ते इथे का थांबले असतील, हा प्रश्न त्याने विचारला नाही आणि आम्हीही विचारला नाही.

प्रश्न न विचारण्याची ही सवय कुठून आली याचा शोध घेतला की पुस्तकांपाशी यावे लागते. सलीम अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ १९४१ साली निघाले. त्यातली एखादी नोंद उघडून पाहावी. आकार चिमणीएवढा, मैनेएवढा, घारीएवढा असा ओळखीच्या पक्ष्यांच्या मापाने सांगितलेला असतो. मग ओळखीच्या खुणा. त्यानंतर आढळ, सवयी आणि वीण. सवयींचा मजकूर बहुधा सर्वांत वाचनीय असतो. पुढच्या पिढीची मार्गदर्शक पुस्तके वेगळ्या गरजेतून आली. १९९८ सालच्या ग्रिमेट आणि इनस्किप दांपत्याच्या ग्रंथाने आणि त्याच्या खिशात मावणाऱ्या आवृत्तीने भारतीय उपखंडातले सगळे पक्षी चित्रांसह हाताशी आणून दिले, आणि त्यासाठी सवयी-विणीचा मजकूर आवळून ओळख पुढे आणली. हे त्या पुस्तकांचे काम होते आणि त्यांनी ते उत्तम केले. घोटाळा झाला तो तोंडी सांगण्यात. वाटाड्याने छापील नोंदीची वरची दोन कलमे उचलली, आकार आणि खुणा, आणि खालची सोडली. समोर जिवंत पक्षी सवयी करून दाखवत असताना त्याच्या पायांचा रंग सांगितला जातो.

नावांचेही तसेच. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची मराठी नावे हा एक स्वतंत्र विषय आहे. मारुती चितमपल्लींनी ‘पक्षिकोश’ रचून मराठीवर मोठे उपकार केले. त्यांचे रान विदर्भाचे, नवेगावबांधच्या तळ्याचे. तिथल्या लोकांच्या तोंडची नावे त्यांनी वर्षानुवर्षे टिपली. समुद्रकाठच्या नावांसाठी असा आयुष्य वाहून घेतलेला माणूस मिळायचा आहे. त्यामुळे सकाळीच्या फेरीत एक विचित्र मिश्रण ऐकू येते. ‘केंटिश चिखल्या’ हे त्यातले नमुनेदार नाव. केंट ही इंग्लंडमधली एक परगणावजा काउंटी. हा पक्षी आता ब्रिटनमध्ये वीण घालत नाही, आणि अक्षीच्या शाळकरी मुलाला केंटशी काही देणेघेणे नाही. नाव उसने असायला माझी हरकत नाही. शास्त्रात ते चालायचेच. पण ज्या गावात आपण उभे आहोत तिथली कालवे काढणारी बाई या पक्ष्याला काय म्हणते हे विचारायला दोन मिनिटे लागतात, आणि ती दोन मिनिटे मी एकाही सकाळी खर्च झालेली पाहिली नाही. पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाला कोकणात काकण म्हणतात. एका फेरीत हा शब्द सहभागी झालेल्या एका आजींनी उच्चारला तेव्हा वाटाड्याने तो तीनदा म्हणवून घेऊन वहीत टिपला, हेही सांगायला हवे. तो त्या सकाळीचा उत्तम क्षण होता.

त्या काकणामुळेच पुढचे घडले. त्याच पौर्णिमेच्या सकाळी, कण पाहून झाल्यावर, सुरूच्या बनाच्या कडेने जाऊन गरुड दिसतो का पाहू, असे ठरले. वाळू आणि बन यांच्या मध्ये खडे, शिंपल्यांचा चुरा आणि वाळके गवत असलेला एक पट्टा आहे. आम्ही त्यात शिरलो आणि शंभर पावलांवरून टिटवी ओरडू लागली. एक डोक्यावर घिरट्या घालत होती, दुसरी पुढे पुढे पळत थांबत होती. वाटाड्या थांबला. "ही आपली नेहमीची टिटवी. रेड-वॉटल्ड लॅपविंग. ऐका, ‘डिड ही डू इट’ म्हणते." सगळ्यांनी ऐकले, हसले, एकदोघांनी नक्कल केली. इंग्रजांच्या कानाने ऐकलेला हा आवाज मराठी माणसाला शिकवला जात होता, आणि टिटवी हे मराठी नाव म्हणजेच तिचा आवाज आहे, ही गोष्ट कुणाच्या लक्षात येत नव्हती.

पक्षी जवळ होता, ऊन छान पडले होते, म्हणून फोटो सुरू झाले. वाटाड्याने या अवधीत चष्म्यासारखा लाल गलोल, पिवळे पाय, उडताना दिसणारी पांढरी पट्टी हे सगळे सांगितले. आम्ही तिथे चांगला पाव तास होतो. तेवढा वेळ ती दोघे ओरडत होती, आणि आम्ही जितके रेंगाळलो तितकी जवळून झेप घेत होती. "बघा, किती धीट आहे," एकजण म्हणाला. माझ्या डाव्या पायापासून हातभरावर चार अंडी होती. मला ती निघताना, खाली पडलेले दुर्बिणीचे झाकण उचलायला वाकलो तेव्हा दिसली. खड्यांसारखीच, मातकट, काळे डाग असलेली, टोके आत करून मांडलेली. मी ओरडून सांगितले नाही. सांगितले असते तर सगळे पुन्हा वळले असते. वाटाड्याच्या कानात सांगितले. त्याचा चेहरा पडला आणि त्याने सगळ्यांना झपाझप बाहेर काढले.

उन्हाळ्यात टिटवी उघड्यावर अंडी घालते, आणि तिथे तिचे काम अंडी उबवण्यापेक्षा ती थंड ठेवण्याचे जास्त असते. नर-मादी आळीपाळीने बसतात ते सावली देण्यासाठी. ऊन फारच झाले तर पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवून येतात आणि ओलसर पोट अंड्यांवर ठेवतात. सावली हलली की अंडी तव्यावर असल्यासारखी तापतात. आतला जीव त्या उष्णतेला फार वेळ पुरत नाही. आम्ही पाव तास त्यांना सावलीपासून दूर ठेवले, आणि तेही त्यांची खूण नीट समजावून घेण्यासाठी. सकाळची आठची वेळ होती म्हणून निभावले असेल. दुपारी असते तर निभावले नसते.

टिटवी ही यादीतली सामान्य जात. तिच्यासाठी कोणी पैसे भरून येत नाही. पण समुद्रकाठच्या उन्हाळ्याचा पक्षी म्हणून आपल्या वाङ्मयाने कोणाला ओळखले असेल तर तिलाच. पंचतंत्राच्या ‘मित्रभेद’ तंत्रात टिट्टिभ जोडप्याची गोष्ट आहे. मादी म्हणते, दुसरी जागा शोध, इथे उधाणाचे पाणी येते. नर म्हणतो, समुद्राची काय बिशाद. समुद्र अंडी नेतो. मग सगळे पक्षी मिळून गरुडाकडे जातात, गरुड विष्णूकडे, आणि शेवटी समुद्राला अंडी परत द्यावी लागतात. ही कथा रचणाऱ्याने टिटवी कुठे, कधी आणि कशी अंडी घालते हे पाहिलेले आहे. भरतीरेषेच्या जेमतेम वरचा पट्टा, पौर्णिमेचे उधाण, जागेवरून नवरा-बायकोचा वाद, सगळे निरीक्षणातून आले आहे. ज्ञानदेवांनीही आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात स्वतःच्या धाडसाला उपमा दिली ती चोचीने सागर मापू पाहणाऱ्या टिटवीची. शेतकरी तर आजही मे महिन्यात टिटवीची अंडी शोधतात: उंचावर घातली तर पाऊस जास्त, चार असली तर चार महिने. या ठोकताळ्याला शास्त्राचा आधार नाही, पण त्यासाठी माणूस टिटवीच्या घरट्याकडे पाहतो, आणि पाहून बाजूने जातो. आम्ही गेलो होतो गरुड शोधायला आणि टिटवीच्या अंड्यांशेजारी उभे होतो. पंचतंत्रकाराला हे सुचले नसते.

इथे दुसरी बाजू मांडली पाहिजे, नाहीतर हे परीक्षण एकांगी होईल. यादी ही क्षुल्लक गोष्ट नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ सालच्या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे आणि तो तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. रविवारच्या अशाच सकाळींत केलेल्या खुणा त्यात गेल्या आहेत. परदेशातून येणारे किनाऱ्याचे पक्षी घटत आहेत हे आपल्याला अशा याद्यांमुळेच ठामपणे बोलता येते. तेव्हा यादी फाडून टाका असे मी म्हणणार नाही. उलट तक्रार अशी की यादीसुद्धा अर्धीच भरली जाते. ई-बर्डच्या नोंदीत वीण सुरू असल्याच्या खुणा टिपण्यासाठी स्वतंत्र सांकेतिक अक्षरे आहेत: घरटे, अंडी, विचलित करणारे वर्तन, पिल्ले. त्या सकाळच्या यादीत ‘टिटवी, २’ एवढेच गेले. तेवढ्याने संशोधकाला काय कळणार?

दुसरे असे की, शिकवणारा नसता तर शहरातल्या पंचवीसांपैकी वीसजण किनाऱ्यावर पाण्याच्या स्कूटरवर बसायलाच आले असते. वाळूवर चारचाकी बाइक उधळणारे, मोकाट कुत्री, भरतीरेषेपर्यंत आलेल्या भिंती, यांनी अंड्यांचे जे होते त्याच्यापुढे आमचा पाव तास काहीच नाही. हे मान्य. पण बाइकवाला पक्ष्यांच्या नावाने पैसे घेत नाही. जो पक्ष्याच्या नावाने लोक गोळा करतो त्याला कठोर कसोटी लावणे रास्त आहे.

कसोटीला उतरेल असे काम कोकणातच झालेले आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाची घरटी शोधत किनाऱ्यावरून गावोगाव फिरत होते. घरटे शोधायचे म्हणजे गावात विचारावे लागते, कुणाच्या माडावर, कुणाच्या आंब्यावर, आणि त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा जावे लागते. या कामात असतानाच २००२ साली वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली आणि कोकणातल्या कासवांच्या संवर्धनाची सगळी पुढची कहाणी तिथून सुरू झाली. ते गरुड ‘पाहून’ यादीवर खूण करून निघाले असते तर वाळूकडे नजर गेली नसती. आज वेळासला कासवाची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला माणसे येतात, त्यांना दोरीच्या मागे उभे राहावे लागते, आणि गावची माणसे तो नियम पाळायला लावतात. पक्ष्यांच्या फेरीत दोरी नसते.

आणखी एक उदाहरण अक्षीच्या फार जवळचे आहे, पण ते फेरीत चुकीच्या कारणाने सांगितले जाते. अलिबागच्या उत्तरेला किहीम. तिथून जाताना प्रत्येक वाटाड्या सलीम अलींचे नाव घेतो. सांगितले जात नाही ते असे की सलीम अली स्वतः पगारी वाटाडे होते. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांची नेमणूक ‘गाइड लेक्चरर’ म्हणून झाली होती. काचेमागचे पक्षी लोकांना समजावून सांगायचे. बर्लिनला जाऊन १९३० साली ते परतले तेव्हा ती जागा पैशाअभावी रद्द झाली होती. नोकरी गेली म्हणून ते किहीमला राहायला गेले आणि घराजवळच्या सुगरणींच्या एका वसाहतीसमोर पावसाळाभर बसून राहिले. नर अर्धवट घरटी बांधतो, मादी येऊन तपासते, पसंत पडले तर राहते, मग नर दुसरे बांधायला घेतो, हे सगळे त्या एका जागी बसण्यातून बाहेर आले. सुगरण त्या काळीही दुर्मीळ नव्हती. टिटवीसारखीच नेहमीची होती.

अंड्यांच्या त्या प्रसंगानंतर मी वाटाड्याला एक लांबलचक पत्र लिहिले. वयाचा फायदा घेऊन जरा जास्तच लिहिले. त्याचे उत्तर आले नाही. आठ दिवसांनी फोन आला. "काका, तुमचं सगळं पटलं. पण लोक विचारतात, किती जाती दिसतील? तिथी बघून बुधवारी ठेवलं तर येणार कोण? आणि एका टिटवीवर तीन तास बोललो तर पैसे परत मागतील." हा युक्तिवाद मला खोडता आला नाही. ज्याचे घर यावर चालते त्याला रविवार सोडायला सांगणे सोपे आहे, आपण निवृत्त असलो की. मी एवढेच म्हटले की महिन्यात चार-पाच रविवार येतात, त्यांतला एखादा तरी एकादशीच्या आसपास पडतो.

पुढच्या मे महिन्यात त्याचा निरोप आला. रविवार, एकादशी, पूर्ण भरती सव्वाआठला, सहाला हजर राहावे. पंचवीसऐवजी अकराजण आलो. त्याने आम्हाला बनाच्या कडेला न नेता पालथ्या घातलेल्या एका जुन्या होडीच्या आडोशाला, वाळूवरच बसवले आणि अर्धा तास कोणी बोलायचे नाही असे सांगितले. पाणी चढत आले. चिखले, तुतवार पळत-थांबत, पळत-थांबत आमच्याकडे सरकत राहिले, इतके की दुर्बिणी खाली ठेवल्या. बहुतेक फिक्या पिसांचे होते. एका कॉलेजच्या मुलीने हळूच विचारले, "हे गेले का नाहीत अजून?" त्याने सांगायला सुरुवात केली. मध्येच दूरवरच्या पट्ट्यातून एक टिटवी उठली, ओरडली नाही, खाली पाण्याच्या कडेला उतरली, पोट टेकून दोनदा बसली-उठली आणि आल्या वाटेने चालत परत गेली. कोणी फोटो काढायला उठले नाही. उठायला आम्ही फार लांब होतो. यादी त्या दिवशी नऊ जातींची झाली, आणि टिटवीपुढे त्याने पहिल्यांदाच ते विणीचे अक्षर लिहिले.